बाईंचं शिफारसपत्र

"बाईंना किती वेळा आठवण करून द्यायची? एवढं एक पत्र लिहायचं, तर लिहीत नाहीत. आणि मी तोंडानं कशी मागू? इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, त्यांना स्वतःहून कळायला नको?"

लेक पडद्यापलीकडे फोनवर कुणाशी तरी कुरकुरत होती, आणि बाई त्या वेळी कापायच्या टेबलाखाली होत्या. बॉबिन घरंगळत गेली होती, ती शोधायला त्या गुडघ्यांवर उतरल्या होत्या. बॉबिन सापडली, पण उठायचं त्या विसरल्या. हातात बॉबिन, डोक्यावर टेबल, आणि कानात लेकीची तक्रार.

बाई म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पुढच्या खोलीत सहा मशिनं मांडून त्या चौतीस वर्षं शिवणाचा क्लास घेत होत्या. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांना बाई म्हणायच्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या आया म्हणायच्या. नवरासुद्धा चारचौघांत बाईच म्हणे. लेक याच टेबलाखाली चिंध्यांत बसून बोलायला शिकली. दिवसभर कानावर पडेल तेच तोंडात येणार, तशी तिच्या तोंडात आधी 'बाई' आली. मग आई म्हणायला शिकवायचं राहूनच गेलं.

एक गोष्ट मात्र बाईंच्या टेबलाखालीच लक्षात आली. घरात लेक त्यांना अगं-तुगं करायची. "बाई, माझा चार्जर बघितलास का," असं. आणि आता परक्या माणसाशी बोलताना मात्र "लिहीत नाहीत", "त्यांना", "त्यांच्या". आपल्यामागे लेक आपल्याला अहो-जाहो करते, हे ऐकून त्यांना टेबलाखालीच भरून आलं. कसलं पत्र, ते मात्र त्यांना कळेना.

खरं म्हणजे लेकीला आणखी एक बाई होत्या. विद्यापीठात तिनं ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली त्या. तिथले सगळे विद्यार्थी त्यांना बाई म्हणत. घरात त्यांचा उल्लेख 'मोठ्या बाई' असा व्हायचा, कारण एका घरात दोन बाई झाल्या की कुणीतरी मोठं व्हावंच लागतं. पण फोनवर बोलताना लेक कशाला मोठ्या-धाकट्या करत बसेल?

लेकीचा विषय गोगलगाय. नुसती गोगलगाय नव्हे, तिचा चिकटा. ओल्या पानावर, उलट्या फांदीवर, पावसात गोगलगाय चिकटते ती कशानं, आणि तसला चिकटा बनवून ओल्या जखमेचे काठ टाके न घालता जोडता येतील का, असं ते काम. आई जन्मभर टाके घालायला शिकवते आणि लेक टाके नकोत म्हणून संशोधन करते, यावर क्लासमधल्या बायका अधूनमधून हसून घेत. बाई म्हणत, "हसा. उद्या तुमचं पोट शिवायची वेळ आली की येईल तीच कामाला."

पीएचडी होऊन वर्ष झालं होतं. आता पोस्टडॉक हवं होतं. हे काय प्रकरण आहे ते बाईंनी स्वतःपुरतं समजून घेतलं होतं. क्लास पूर्ण झाला, प्रमाणपत्र मिळालं, तरी लगेच दुकान टाकत नाहीत, आधी दोन-तीन वर्षं कुणा नावाजलेल्या शिंप्याकडे बसतात, तसं ते. फक्त शिंपी आपण शोधायचा, त्याला आपलं शिवण दाखवायचं, आणि आपल्याविषयी तीन जाणत्या माणसांनी त्याला गुपचूप लिहायचं. लेकीनं अकरा ठिकाणी अर्ज केले होते. सहा ठिकाणांहून नकार आला. पाच ठिकाणांहून तोही आला नाही. शिष्यवृत्ती कधीच संपली होती, पण गोगलगायींना पाला घालायला दुसरं कुणी नाही म्हणून ती रोज प्रयोगशाळेत जायची.

बारावा अर्ज मात्र वेगळा होता. तिथले प्राध्यापक नेमके चिकट्यावरच काम करत होते. ती जागा निघाल्याचं वाचलं त्या दिवशी लेक जेवताना दोनदा आपणहून हसली. ठिकाण कुठे, तर लांब. इतकं लांब, की नकाशात बघायला वडिलांनी आधी चष्मा पुसला आणि मग नकाशाच मिटून ठेवला. तेव्हापासून घरात त्या गावाला 'तिकडे' म्हणत. "तिकडचं काय झालं?" "तिकडे झालं तर बघू." लांब हा शब्द कुणीच काढला नाही.

*

बुधवारी क्लासचा मेल उघडायचा दिवस. हा मेलचा पत्ता वडिलांनी काढून दिला होता. ते वीज कंपनीतून निवृत्त झालेले मीटर वाचणारे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारामागचे आकडे वाचल्यामुळे वाचायचं काम घरात त्यांच्याकडेच असे. एरवी त्या पत्त्यावर अस्तराच्या आणि धाग्यांच्या जाहिराती येत. त्या बुधवारी जाहिराती दोनच होत्या, आणि एका विद्यापीठाचे पाच मेल होते.

"तुला आलेत," वडील म्हणाले.

"मला? विद्यापीठातून?"

"'माननीय महोदया, खालील उमेदवारानं शिफारसकर्ता म्हणून आपलं नाव दिलं आहे. कृपया शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत पत्र पाठवावं.' खाली आपल्या पोरीचं नाव आहे. हा पहिला. बाकीचे चार आठवण करून देणारे."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हेच ते पत्र. पोरीनं आपलं नाव दिलं आणि सांगायला लाजली.

लाजलीबिजली कुणी नव्हतं. लेकीनं अर्जात मोठ्या बाईंचं नाव नीट लिहिलं होतं. पत्त्याच्या चौकोनात आल्यावर मात्र तिनं फोनमधल्या सवयीनं 'बाई' एवढंच टाइप केलं. फोननं दोन बाई दाखवल्या. घाईत तिनं वरचीला टिचकी मारली. वरची ही होती.

"थांबा, तिला विचारते," बाई म्हणाल्या.

"नाही विचारता येणार. इथे लिहिलंय. 'पत्र पूर्णपणे गोपनीय असून त्याबाबत उमेदवाराशी बोलू नये.' पाचही मेलमध्ये आहे."

"मग नाही बोलायचं."

"अगं, पण आईचं पत्र चालतं का?"

"मी आई म्हणून कुठे देतेय? शिकवलंय की मी तिला. दोन सुट्ट्या पुऱ्या. पुढचं वाचा."

वडिलांनी लिंक उघडली आणि एका बोटानं टाइप करायला बसले. एका बोटानं केलेल्या कामात घाई होत नाही, म्हणून विचाराला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"उमेदवाराशी आपलं नातं. इथे यादी आहे. मार्गदर्शक, शिक्षक, विभागप्रमुख."

"शिक्षक."

"ओळख किती वर्षांची?"

"एकतीस."

"आता हे जरा अवघड आहे. 'आपण आजवर शिकवलेल्या एकूण विद्यार्थ्यांत उमेदवाराचं स्थान.' वरच्या पाच टक्क्यांत, वरच्या पंचवीसात, मध्यात, की खालच्या पंचवीसात?"

बाई मनात एकेक विद्यार्थिनी आठवू लागल्या. चौतीस वर्षांत त्यांनी एकही खोटं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. नणंदेच्या मुलीला दोनदा नापास केलं होतं, तेव्हापासून नणंद शिवायला कपडे बाहेर टाकत होती.

"खालच्या पंचवीसात," त्या म्हणाल्या.

वडिलांचं बोट हवेतच थांबलं. "अगं, पोरीचा बारावा अर्ज आहे."

"बाही तीनदा उलटी लावली होती तिनं."

"ते शिवणाबद्दल नाही विचारत."

"मी शिवणाचीच बाई आहे. गोगलगायीत ती कितवी लागते ते मला काय ठाऊक? माहीत आहे तेवढंच सांगणार. टाका."

वडिलांनी टाकलं. टाकताना डोळे मिटून घेतले.

"बलस्थानं," त्यांनी पुढचं वाचलं. "म्हणजे चांगलं काय ते."

इथे मात्र बाई खुर्चीत सावरून बसल्या आणि त्यांनी सलग सांगितलं. "लिहा. उसवायला कंटाळत नाही. जी उसवायला कंटाळते तिचं शिवण कधी सुधारत नाही. हिनं एक खिसा नऊ वेळा उसवला. दहाव्यांदाही तो तिरकाच लागला. पण दर वेळी कुठे चुकलं ते तिनं वहीत लिहून ठेवलं. ती वही माझ्याकडे आहे, हवी असल्यास पाठवीन. काठ जुळले नाहीत तर ओढून जुळवू नयेत, एवढं एकदाच सांगावं लागलं, पुन्हा कधी ओढले नाहीत."

"उणिवा?"

"बाही उलटी लावते, ते झालंच. आणि मदत मागत नाही. सुईत दोरा जात नसेल तर अख्खी दुपार घालवील, पण शेजारच्या मशिनवरच्या बाईला जरा ओवून दे म्हणणार नाही."

"संधी मिळाल्यास या उमेदवाराला आपण पुन्हा घ्याल का?"

बाईंनी क्षणभर खिडकीबाहेर बघितलं. "हो लिहा. नुसतं हो."

"शेवटी आणखी काही लिहायचं असेल तर जागा आहे."

"आभार लिहा."

"कशाचे?"

"त्यांनी पत्र मागवलं त्याचे. अकरा जणांनी तेही केलं नव्हतं. आणि खाली लिहा, आपली, बाई."

*

शुक्रवारी लेक फोन नाचवतच घरात आली. "बाई, तिन्ही पत्रं पोचली. बाईंनी पाठवलं शेवटी."

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना फक्त मान हलवता आली. पोरगी गोपनीयता पाळत का होईना, आपलं कौतुक करते आहे, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी लेक प्रयोगशाळेत कोबीचा एक मोठा गड्डा घेऊन गेली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "थँक्यू, बाई." मोठ्या बाईंचं डोकं तेव्हा काचेच्या पेटीत होतं. त्या आतूनच म्हणाल्या, "अगं, त्यात काय," आणि कोबी घेतला.

पुढच्या आठवड्यात मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओवर, दुपारी दोनला. घरात इंटरनेट धड चाले ते पुढच्या खोलीतच, म्हणून बाईंनी क्लासला सुट्टी दिली, मशिनांवर खोळी घातल्या, आणि कापायच्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप मांडला. मग त्या आणि वडील पडद्यामागे दोन स्टुलांवर बसले. वडिलांनी खोकला आधीच खोकून घेतला.

पहिला अर्धा तास लेक जे बोलली त्यातलं बाईंना ओ की ठो कळलं नाही, पण आवाज कुठे अडखळला नाही एवढं कळलं. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"आता तुमच्या मार्गदर्शिकेच्या पत्राविषयी," प्राध्यापक म्हणाले. "खरं तर ते गोपनीय, पण विचारल्यावाचून राहवत नाही. समितीतल्या चौघांनी ते तीन-तीनदा वाचलं. असं पत्र आमच्याकडे आजवर आलेलं नाही."

"बाई छानच लिहितात," लेक म्हणाली.

"त्यांनी तुम्हाला खालच्या पंचवीस टक्क्यांत ठेवलंय."

पडद्यामागे वडिलांनी बाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं.

"खालच्या?" लेकीचा आवाज बदलला.

"हो. पण पुढे वाचलं तर त्यामागचा विचार कळतो. तुम्ही एक खिसा नऊ वेळा उसवलात, असं त्या लिहितात. खिसा म्हणजे जखमेत दोन थरांच्या मधे राहते ती पोकळी, असं आम्ही धरलं. बरोबर ना?"

"खिसा?"

"आणि दहाव्यांदाही तो तिरकाच लागला. हे लिहायला धाडस लागतं. दहावा प्रयोग फसला असं आमच्या क्षेत्रात कुणी कबूल करत नाही. काठ जुळले नाहीत तर ओढून जुळवू नयेत, हे वाक्य तर मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर लिहून ठेवलंय. एक गोष्ट मात्र आम्हाला उलगडली नाही. तुम्ही बाही उलटी लावता. बाही म्हणजे नेमकं काय? चौघांनी चार अर्थ सांगितले."

पडद्याच्या फटीतून बाईंना लेकीची पाठ दिसत होती. कुणीतरी आतून अस्तर काढून घ्यावं तशी ती पाठ हळूहळू बसत चालली होती. मोठ्या बाईंनी, सात वर्षं ज्यांच्याकडे काढली त्यांनी, आपल्याला खाली ढकललं, असं तिला वाटतंय, हे बाईंना त्या पाठीवरून कळलं. आणि मग आपण काय करून बसलो आहोत, तेही कळलं. ते कळायला त्यांना तीन टाके घालायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्या पडदा सारून बाहेर आल्या. गळ्यात मोजायची पट्टी तशीच होती.

"बाही म्हणजे सदऱ्याची," त्या म्हणाल्या. "हात घालतात ती."

पडद्यावरचे प्राध्यापक चष्म्यावरून बघायला लागले. "आपण?"

"बाई."

"मार्गदर्शिका?"

"आई. शिवण शिकवते. ते पत्र मी सांगितलं आणि ह्यांनी टाइप केलं."

"एका बोटानं," पडद्यामागून आवाज आला.

लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. प्राध्यापकांनी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि मग ते इतके हसले की स्क्रीनवरून थोडा वेळ दिसेनासे झाले. परत आले तेव्हा डोळे पुसत होते, पण आवाज गंभीर होता.

"माफ करा. पण नातेवाइकांचं पत्र आम्हाला धरता येत नाही. तसा नियम आहे."

"का बरं?" बाईंनी विचारलं.

"आईवडील नेहमी चांगलंच लिहितात म्हणून," प्राध्यापक म्हणाले, आणि समोरच्या कागदाकडे बघून त्यांना पुढचं वाक्य सुचेना. "तरी नियम तो नियम. हे बघा," ते लेकीला म्हणाले, "तुमचं काम आम्ही वाचलंय. या जागेसाठी तुमच्या नावावर दुमत नाही, हे मी सांगायला नको, पण सांगतो. फक्त कागद पुरे हवेत. पाचला आमची यादी बंद होते. तोवर तुमच्या खऱ्या मार्गदर्शिकेचं पत्र आलं तर जागा तुमची. त्यांचा पत्ता द्या, मी आत्ता त्यांना लिंक पाठवतो."

लेकीनं पत्ता सांगितला. एकेक अक्षर सुटं सुटं.

*

स्क्रीन बंद झाल्यावर वडील पडद्यामागून बाहेर आले.

"मला एकदा विचारायचं ना, बाई," लेक म्हणाली.

"गोपनीय होतं. पाच वेळा लिहिलं होतं."

"तुझ्याकडून नको होतं गं मला पत्र."

"ते आत्ता कळलं."

बाईंचा चेहरा बघून लेकीनं जीभ चावली. "तसं नाही. म्हणजे, खिशाचं तुझ्या लक्षात आहे हेच मला माहीत नव्हतं." मग फोन उचलून म्हणाली, "बाईंना मेल करते, की लिंक येईल."

"मेलनं काय झालं ते बघितलंस ना? जा आणि तोंडानं माग."

"ते नाही जमत मला. त्या कामात असतात. त्यांना स्वतःहून द्यायचं असतं तर त्यांनी केव्हाच विचारलं असतं. त्यांना नसेलच द्यायचं."

"तीन वाजायला सात मिनिटं आहेत," वडील म्हणाले. "बस तीनला. विद्यापीठात तीन पस्तीस. चालत वर जायला बारा मिनिटं. मी सगळी घरं हिंडलोय त्या बाजूची."

बाईंनी चपला पायात सरकवल्या. "चल. माझ्यासाठी चल. मी फाडलंय, मला जोडताना बघू दे."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. उतरताना लेकीनं बाईंच्या गळ्यातली पट्टी काढून, गुंडाळून, त्यांच्या पिशवीत ठेवली. एवढ्यावरून बाईंना कळलं की राग उतरला.

मोठ्या बाईंची खोली लांबट होती. एका भिंतीला काचेच्या पेट्या, त्यांत ओला पाला, आणि पाल्यावर गोगलगायी आपापल्या सवडीनं निघालेल्या. टेबलावर फायलींच्या थप्प्या आणि पाणी फवारायची बाटली. मोठ्या बाई साठीच्या, बारीक, हातात चिमटा. बाईंनी त्यांना याआधी एकदाच, पदवीदान समारंभात, लांबून बघितलं होतं.

लेक दारातच अडकली. एक पाय आत, एक बाहेर.

"बाई," ती म्हणाली.

"काय गं?" दोघीही एकदम म्हणाल्या.

मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मोठ्या बाईंनी चिमटा खाली ठेवला.

"मला पत्र हवंय," लेक एका दमात बोलली. "शिफारसपत्र. आज पाचच्या आत. मी चार वेळा आठवण पाठवली होती."

"मला एकही नाही आली."

"मला आल्या," बाई म्हणाल्या. "चारही." आणि त्यांनी टेबलाखालच्या बॉबिनपासून उलट्या बाहीपर्यंत सगळं सांगितलं. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या आणि ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले. खालच्या पंचवीसापाशी त्यांनी हात वर करून थोडी उसंत मागितली.

"आणि मी समजले, हिला माझं पत्र नकोय," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन महिने वाट बघतेय. शेजारच्या टेबलावरचा मुलगा येऊन मागून गेला, त्याला दिलं. ही येते, पाला घालते, जाते. म्हटलं, मोठी झाली, दुसऱ्या कुणाचं नाव दिलं असेल. थँक्यू म्हणालीस तेव्हा मला वाटलं पेटी धुतली त्याबद्दल."

"तुम्ही का नाही विचारलंत?" लेकीनं विचारलं.

मोठ्या बाई टेबलाकडे वळल्या. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. पत्र तयार होतं, दोन महिन्यांपूर्वीची तारीख घातलेलं, अडीच पानांचं. लिंकही येऊन पडली होती. त्या एकेक चौकोन भरायला लागल्या.

"ओळख, सात वर्षं. स्थान," त्या म्हणाल्या आणि बाईंकडे वळून बघितलं. "वरच्या पाच टक्क्यांत. चालेल ना?"

"पाचात?" बाईंनी विचारलं. एवढी वर्षं पोरीची परीक्षा झाली की त्या फक्त पास झाली का विचारायच्या. कितवी आली, हे विचारायचं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "शिवणात नव्हती हो."

"उणिवा. इथे मी काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"मदत मागत नाही."

"हे बरोबर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी तेवढंच टाइप केलं. मग क्षणभर विचार करून पुढे जोडलं, "आज मात्र मागितली."

लेक पेटीपाशी तोंड वळवून उभी राहिली आणि एका गोगलगायीवर गरज नसताना पाणी फवारायला लागली.

बाईंना वाटलं, आता बोलावं, पुन्हा कधी जमायचं नाही. "सात वर्षं सांभाळलीत तिला," त्या म्हणाल्या. "रोज यायची तेव्हा ताठ यायची, परतायची तेव्हा डोक्यात काहीतरी घेऊन परतायची. मी कधी भेटायला आले नाही. काय बोलायचं ते सुचायचं नाही. पण रोज वाटायचं की जाऊन सांगावं, तुमचे उपकार आहेत."

"माझे कसले? माझ्याकडे मुलं येतात ती हुशार असतात. पण एकदा प्रयोग फसला की त्यांना उसवायला शिकवायचं म्हणजे माझं निम्मं आयुष्य जातं. ही पहिल्या दिवसापासून वही घेऊन आली होती. मला वाटायचं, कुणी शिकवलं असेल हिला? आज कळलं. तुम्हालाच सांगायचं होतं मला हे."

बाईंनी पिशवीतली पट्टी उगाच पुन्हा गुंडाळली. परक्या बाईनं आपल्याला आतून ओळखलं की बोलायला अवघड होतं.

"झालं सगळं," मोठ्या बाई म्हणाल्या. 'पाठवा' असं लिहिलेल्या निळ्या बटणावर त्यांनी बाण आणून ठेवला. "एकदा वाचून बघते."

त्यांनी वाचलं. चार पस्तीस झाले.

"तिसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम हवा," त्या म्हणाल्या. तो घातला. मग काढला.

"सावकाश होऊ द्या," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. बसमध्ये दर थांब्याला त्या ड्रायव्हरच्या मानेकडे रागानं बघत आल्या होत्या.

"पहिल्यापासून पुन्हा बघते."

"बघा ना."

चार चव्वेचाळीस. बटण तिथेच होतं आणि बोटही तिथेच होतं. पेटीतली एक गोगलगाय काच चढून वर पोचली. लेकीनं फवारायची बाटली खाली ठेवली आणि ती दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. वेळ होत चाललीय असं तीही म्हणाली नाही. बाईंनी बघितलं, पोरीची नजर बटणावर नव्हती. ती आळीपाळीनं दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत होती, घरून निघताना माणूस खोलीकडे बघतं तशी.

चार पन्नास.

"मला काही ही जायला नकोय," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजी नको म्हणावं तसा. "इतकं लांब तर नकोच नको."

"मलाही नकोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारलं नव्हतं."

आणि त्यांनी बटण दाबलं.